वारा फार होता

३ मे, फ्रिस्को, टेक्सस

येऊन तीन दिवस झाले. दुपारचे तीन वाजलेत आणि डोळे मिटतायत, म्हणून मुद्दाम लिहायला बसले. आत्ता झोपले तर पहाटे दोनला टक्क जागी.

वही कऱ्हाडहून आणली आहे. एकतीस वर्षं कन्याशाळेत भूगोल शिकवला, तेव्हा घरी अशी वही ठेवायची सोय नव्हती. ह्यांना आवडत नसे. घरातलं कागदावर कशाला, म्हणायचे. हे जाऊन सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून लिहिते.

संग्रामचं घर पाहून ऊर भरून आला. पुढच्या दाराला डोळा बसवलाय. दार उघडलं की तो ऑफिसात असला तरी त्याच्या फोनवर टिंग वाजतं. काल मी नुसती कुंड्यांना पाणी घालायला बाहेर गेले, तर लगेच फोन: "आई, चप्पल घाल, सिमेंट तापलेलं असतं." माझा मुलगा इतका काळजी करणारा कधी झाला?

सूनबाई, चारुता, मात्र वाळलीय. तीन वर्षांपूर्वी लग्नात कशी भरलेली होती. नागपूरची, शिकलेली आर्किटेक्ट. नवऱ्याच्या व्हिसावर आहे म्हणून इथे नोकरी करता येत नाही. दिवसभर घरात असूनही अंगाला काही लागत नाही. या उकाड्यातही लांब बाह्यांचे शर्ट घालते. विचारलं तर म्हणाली, "एसी लागतो, आई." बोलते तेवढंच. मुलींनी थोडं हसतं-बोलतं असावं.

९ मे

आज पलीकडच्या गल्लीतली प्रीता आली होती. पुण्याची आहे, पंचेचाळिशीची, इथे वीस वर्षं. दडपे पोहे घेऊन आली. मला आवडली, पण जरा भोचक वाटली. चारुताला म्हणाली, "बुधवारी पॉटरीला का नाही आलीस? मी गाडी घेऊन थांबले होते." चारुता म्हणाली, डोकं दुखत होतं. बुधवारी तिचं डोकं दुखत नव्हतं. माझ्यासमोर बसून चांगली मटार सोलत होती.

निघताना प्रीताने तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. "माझा नंबर पाठ आहे ना?" असं विचारलं. पाठ कशाला करायचा? फोन कशासाठी असतात? मग कळलं की चारुताचा फोन महिन्याभरापूर्वी बिघडलाय आणि संग्राम नवा आणणार आहे. तोवर रविवारी विहीणबाई त्याच्याच फोनवर बोलतात. तो स्पीकर लावून ठेवतो, म्हणजे सगळ्यांना ऐकू येतं. विहीणबाई जरा रडक्याच आहेत.

संध्याकाळी संग्राम आल्या आल्या म्हणाला, "प्रीता आलेली? चाळीस मिनिटं काय बोलत होती?" चारुता ओटा पुसत राहिली, म्हणून मीच सांगितलं, पोहे घेऊन आली होती. छान होते, जरा तिखट.

१६ मे

मोठी बातमी! संग्रामने सुट्टी जोडून सहल ठरवली आहे. कोलोरॅडोत मेसा व्हर्दे नॅशनल पार्क म्हणून जागा आहे, डोंगराच्या कड्याच्या पोटात बांधलेलं आठशे वर्षांपूर्वीचं दगडी गाव. शिडीवरून चढायचं, भुयारातून सरपटत बाहेर पडायचं. "जन्मभर पोरींना कार्ल्याच्या लेण्यांना नेलंस," म्हणाला, "आता मी तुला अमेरिकन लेणी दाखवतो." डोळ्यांत पाणी आलं.

माझ्याहून चारुताला आनंद झालेला दिसला. लॅपटॉपवर त्या गावाची छायाचित्रं बघून तिने वहीच्या पानावर नकाशाच काढला. कुठे खोल्या, कुठे गोल तळघरं, पाण्याचा झरा कुठे. काय सुरेख रेघ आहे तिची! मला समजावून सांगताना गालावर रंग चढला होता. संग्रामने पान उचललं, बघितलं आणि हसला. "आर्किटेक्ट मॅडम. तीन वर्षांत घराची एक भिंत रंगवून झाली नाही." थट्टेचं होतं. तिने पान घडी करून ठेवलं.

नंतर मी जप करत असताना स्वयंपाकघरात काही फुटलं. जाऊन बघते तर काचेचं भांडं. चारुता जमिनीवर बसून तुकडे वेचत होती. "हातातून निसटलं," म्हणाली. संग्राम ओट्याला टेकून उभा होता. त्याने तिला झाडूसुद्धा दिला नाही, एवढंच मला खटकलं. तसं ह्यांनीही जन्मात कधी दिला नव्हता.

२३ मे, अमरिलो

साडेपाच तासांचा प्रवास, आणि अजून उद्या नऊ तास आहेत. टेक्सस म्हणजे सगळं सपाट. मुलींना मी "विस्तीर्ण मैदानी प्रदेश" असं लिहायला लावायची. या तीन शब्दांत किती कंटाळा आहे ते आज कळलं.

संग्राम गाडी फार छान चालवतो. माझ्या गुडघ्यांसाठी दर दोन तासांनी थांबला. मध्ये एकदा चारुताने हळूच विचारलं, "पुढच्या एक्झिटला थांबता येईल?" तो म्हणाला, "मघाशी का नाही गेलीस?" आणि थांबला नाही. पुढे पाऊण तास गेला. मला आरशात तिचा चेहरा दिसत होता. मी म्हटलं, अरे, मलाही जायचंय. तेव्हा लगेच थांबला. मला जायचं नव्हतं. का बोलले कोण जाणे.

प्रवासात शिस्त लागतेच. ह्यांचंही असंच असायचं. एस.टी. सुटेल म्हणून मला कधी उतरू दिलं नाही.

२४ मे, कोर्टेझ

डोंगर दिसले आणि जिवात जीव आला. गाव लहान आहे, मोटेल स्वच्छ. उंचीमुळे धाप लागते, म्हणून संग्रामने मला तासातासाला पाणी पाजलं. उद्या सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. चारुताने बूट काढून, पुसून ठेवलेत. ती उत्साहात असली की तो गप्प होतो, असं दोनदा वाटलं. माझ्याच मनाचे खेळ असतील.

२५ मे, कोर्टेझ, दुपार

हॉस्पिटलमधून येऊन तासभर झाला. चारुता औषध घेऊन झोपली आहे. क्रमाने लिहिते.

सकाळी वीस-पंचवीस जणांचा गट होता. वाटाड्या म्हणून रेंजरबाई होती, पन्नाशीची, लाल वेणीची. पठाराच्या कडेला उभं राहिलो तरी खाली गाव आहे हे कळतसुद्धा नाही. वरून नुसती झाडं आणि मग एकदम दरी. रेंजरबाई म्हणाली, ही माणसं शेकडो वर्षं वर मोकळ्या पठारावर राहत होती. मग एकाएकी खाली येऊन कड्याच्या खोबणीत घरं बांधली, आत जायच्या वाटा अवघड केल्या. तीन-चार पिढ्या राहिली आणि सगळं सोडून निघून गेली. एकाने विचारलं, कोणाला भीत होती? ती म्हणाली, नक्की कोणालाच माहीत नाही. परके असतील, शेजारचेही असतील.

मग बत्तीस फुटी लाकडी शिडी. गुडघ्यांना घाबरून मी मागे सरले, तर चारुता म्हणाली, "आई, मी तुमच्या पुढेच आहे. खाली बघू नका, माझ्याकडे बघा." संग्राम माझ्या मागे. मी चढले! चौसष्टाव्या वर्षी!

तिच्याकडे बघत चढत होते. हात वर केल्यावर तिची बाही खाली घसरली. कोपराच्या वर आतल्या बाजूला चार डाग होते, ओळीने, कडेला पिवळे पडत आलेले, आणि दुसऱ्या बाजूला एक. रक्त पातळ असलं की असं होतं. शाळेतल्या शिपाईबाईंना होत असे.

गाव पाहून मी स्तब्ध झाले. आठशे वर्षांपूर्वीच्या गिलाव्यात बोटांचे ठसे आहेत. छत धुराने काळं आहे, जणू काल चूल विझली. पण खरं सांगायचं तर मी गावापेक्षा चारुताला जास्त बघितलं. ही मुलगी इतकं बोलते? रेंजरबाईला विचारत होती, ही भिंत आधीची की ती, तुळया कुठून आणल्या. बाहेर पडायचं भुयार इतकं अरुंद की गुडघ्यांवर, डोकं पुढे करून जावं लागतं. ती म्हणाली, "बघा ना आई, आत एक म्हातारी काठी घेऊन बसली तरी सैन्य अडवेल." रेंजरबाई हसली आणि तिला म्हणाली, तुझ्यासारखी माणसं आम्हाला हवी असतात, इमारतींची नोंद करायला स्वयंसेवक घेतात. खिशातून कार्ड काढून दिलं. संग्राम हसून म्हणाला, "शी इज व्हेरी टॉकेटिव्ह टुडे."

वर वाहनतळावर आलो. वारा फार होता. पठारावर वारा असतोच, आणि ती दारं जड असतात. मी मागच्या सीटवर बसले होते. चारुता पुढे बसत होती, हात दाराच्या चौकटीवर होता, वारा आला आणि दार लागलं. डाव्या हाताची दोन बोटं मोडली. वारा खरंच फार होता. माझी टोपीसुद्धा उडाली असती, जर घातली असती तर.

संग्रामने लगेच दार उघडलं. त्याचाच जीव जास्त कासावीस झाला. "अगं, हात कुठे ठेवतेस!" म्हणून ओरडला. हॉस्पिटलपर्यंत तिचं डोकं खांद्यावर घेऊन एका हाताने गाडी चालवली.

नर्स वयस्कर होती. तिने संग्रामला बाहेर बसवलं आणि चारुताला विचारलं, हे कसं झालं. चारुता म्हणाली, वाऱ्याने. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, मॅम, तुम्ही बघितलंत? मी म्हटलं, "विंड. व्हेरी विंड." ती माझ्याकडे बघत राहिली. माझं इंग्रजी तिला कळलं नसेल.

परवा सूज बघायला परत बोलावलंय.

२६ मे, सकाळ

काल लिहिलं ते खोटं आहे.

खोडणार नाही. राहू दे तसंच.

वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. झालं ते असं. गाडीपाशी आल्यावर संग्रामने हात पुढे केला. "कार्ड दे." चारुता म्हणाली, "असू दे माझ्याजवळ." बस, एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही तिने. तो म्हणाला, "शुअर." ती बसायला लागली. तो नेहमीसारखा तिच्या बाजूला गेला, दार लावायला. तो नेहमीच लावतो, आणि मला किती कौतुक वाटायचं. तिचा हात चौकटीवर होता. मी मागे तिरकी बसले होते, म्हणून मला दोघंही दिसत होते. त्याने हाताकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्याकडे. मग परत हाताकडे. आणि दार लावलं. आपटलं नाही, राग नव्हता. पेटीचं झाकण लावावं तसं लावलं.

तिने ओरडण्याआधी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघू लागले.

२६ मे, दुपार

संग्राम तिला संत्र्याच्या फोडी सोलून भरवतोय. एकेक शीर काढून. ती तोंड उघडते.

मघाशी बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, "बरं झालं तू विंड म्हणालीस. ही लोकं लगेच भलताच अर्थ काढतात." मी म्हटलं, "संग्राम, वारा नव्हता रे." तो हसला. अगदी मायेने. "होता गं आई. तुझं लक्ष नव्हतं."

तुझं लक्ष नव्हतं. हे वाक्य मी पस्तीस वर्षं ऐकलंय, दुसऱ्या आवाजात.

लिहूनच टाकते. संग्राम नऊ वर्षांचा होता. ह्यांना डब्यात लोणचं सांडलेलं सापडलं, आणि माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टरांना मी सांगितलं, कानात काडी घातली. संग्राम माझा पदर धरून उभा होता, सगळं बघितलेला. परत येताना त्याने विचारलं, "आई, काडी कधी घातलीस?" मी म्हटलं, "घातली होती बाळा, तुझं लक्ष नव्हतं." महिनाभर जो पाहुणा येईल त्याला तो आपणहून सांगायचा, आईने कानात काडी घातली. मला केवढा आधार वाटायचा त्याचा! शहाणं पोर, म्हणायची मी. ह्यांच्यापासून त्याला जपलं असं समजत होते. आणि खोटं कसं बोलायचं ते मीच त्याला शिकवलं.

चारुताच्या हातावरचे डाग, फुटलेलं भांडं, फोन, प्रीता. मी सगळं पाहिलं होतं. वहीत सगळं आहे. मागची पानं वाचली तर माझ्याच अक्षरात आहे.

पण तो माझा मुलगा आहे. मला एकच आहे. परक्या देशात त्याला कोणी पकडून नेलं तर मी काय करणार? आणि त्याचं चांगलंही आहेच की. माझे गुडघे, माझं पाणी, माझ्या गोळ्या. हे खोटं नाही. हे खोटं असतं तर किती सोपं झालं असतं.

जेवले नाही.

२७ मे

आज तपासणीला गेलो. मी काही ठरवून गेले नव्हते. वहीशी खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिते, धैर्य वगैरे काही नव्हतं. चारुताला आत नेलं. संग्राम म्हणाला, "कॉफी आणतो, तुला बिनसाखरेची ना?" आणि गेला. पाठमोरा अगदी ह्यांच्यासारखा दिसतो, मान किंचित डावीकडे.

तेवढ्यात तीच नर्स समोरून गेली. मी उभी राहिले. म्हटलं, "सिस्टर. दॅट डे आय टोल्ड राँग. नो विंड."

ती थांबली. हातातलं सगळं टेबलावर ठेवलं. मला एका छोट्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, मराठीचा दुभाषी फोनवर मिळेल, मागवू का? मी म्हटलं, हो. कोणा अनोळखी बाईचा आवाज आला, बहुधा मुंबईकडची. तिला मी मराठीत सगळं सांगितलं. त्याने हाताकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं, परत हाताकडे बघितलं. ती ते इंग्रजीत सांगताना मध्ये एकदा थांबली आणि म्हणाली, "काकू, एक मिनिट हं." मग पुढे सांगितलं.

घटना पार्कच्या हद्दीत झाली म्हणून पार्कचेच पोलीस आले, एक बाई आणि एक पुरुष. संग्राम दोन हातांत तीन कप सांभाळत दारातून आत येत होता. माझा कप वेगळा धरला होता, बिनसाखरेचा. त्यांनी त्याला कप खाली ठेवायला सांगितले. त्याने पोलिसांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"आई, काय सांगितलंस?"

आवाज चढलेला नव्हता. मला वाटलं, आता मी म्हणेन काही नाही रे बाळा. ओठांवर आलं होतं.

मी बोलले नाही. त्याला घेऊन गेले. कप तिथेच होते. कुणीतरी नंतर उचलले असतील.

२८ मे

मला वाटलं होतं, चारुता माझ्या गळ्यात पडून रडेल. नाही म्हटलं तरी वाटलं होतं.

ती म्हणाली, "मला विचारलंत का तुम्ही?"

मोटेलच्या खोलीत आम्ही दोघीच. ती पलंगाच्या कडेला, प्लास्टरचा हात मांडीवर.

"माझा व्हिसा त्याच्यावर आहे, आई. घर त्याचं, गाडी त्याची, माझा पासपोर्ट त्याच्या लॉकरमध्ये. मी तीन वर्षं एकेक दिवस मोजून चालवत होते. कधी काय बोलायचं, कधी नाही, कुठे उभं राहायचं. मला सगळं माहीत होतं. तुम्ही एका मिनिटात..." मग तिला धाप लागली.

मी म्हटलं, "अगं, तो तुला मारून टाकेल."

"माहितीये मला," ती म्हणाली. शांतपणे, मी तिला दुधाचा भाव विचारला असावा तशी.

खरंच विचारलं नव्हतं मी. न विचारता खोटं बोलले आणि न विचारता खरंही बोलले. दोन्ही वेळेला बोटं तिचीच होती.

दुपारी अशा बायकांना मदत करणाऱ्या संस्थेतून एक बाई आली. म्हणाली, व्हिसाचे मार्ग असतात, वकील बघून देऊ, आज काही ठरवायचं नाही, आज फक्त जेवायचं. चारुताने त्या बाईच्या फोनवरून प्रीताला फोन केला. नंबर तोंडपाठ होता. प्रीता विमानाने इथून जवळच्या डुरँगोला येते आहे, उद्या संध्याकाळी पोचेल. फोन ठेवल्यावर चारुता पहिल्यांदा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर अंग चोरलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आई, वेणी घालून द्याल? एका हाताने जमत नाही."

वेणी घातली. मानेवर केसांच्या आत जुनं, बरं झालेलं काही होतं. मी विचारलं नाही. तीन पेडांची घालू की चार, एवढंच विचारलं.

२९ मे, दुपार

काल संग्रामला सोडलं. चारुताच्या जवळ यायचं नाही, फोन करायचा नाही, असा कोर्टाचा कागद त्याच्या हातात दिला आहे. तो कुठे उतरला आहे, आम्हाला माहीत नाही. गाडी त्याच्याकडे आहे. संस्थेतल्या बाईने आम्हाला लगेच दुसऱ्या मोटेलमध्ये हलवलं, मागच्या बाजूची खोली दिली, पडदे ओढून ठेवा म्हणाली. वाहनतळात गाडी वळली की आम्ही दोघी बोलायच्या थांबतो. आत्तापर्यंत अकरा गाड्या वळल्या.

मघाशी माझा फोन वाजला. त्याचा नंबर. कागदात माझं नाव नाही, मला तो फोन करू शकतो. चारुता टेबलाच्या पलीकडे बसून उजव्या हाताने खिचडीत चमचा फिरवत होती. नाव तिलाही दिसलं. मी उचलला.

"आई." आवाज थकलेला. "जेवलीस?"

"हो."

"हे बघ, घाबरू नकोस. सगळं नीट होईल. वकील म्हणतो, तू फक्त एक सांगायचं. तुला इंग्लिश नीट येत नाही, मिसअंडरस्टँडिंग झालं. बस. ओल्ड लेडी, नवीन देश, कोणी काही म्हणणार नाही."

"मी मराठीत सांगितलं, संग्राम. दुभाषी होती."

रस्त्यावरचे आवाज येत होते. तो गाडीत असावा.

"तू बाबांबद्दल कधी नाही सांगितलंस कोणाला," तो म्हणाला. अगदी हळू. "एकदाही नाही. माझ्याबद्दल सांगितलंस."

खरं होतं ते. मी म्हटलं, "चुकलं माझं. तेव्हा सांगायला हवं होतं." त्याचा श्वास ऐकू आला, लहानपणी ताप आला की लागायचा तसा. क्षणभर वाटलं, सगळं सोडावं आणि जाऊन त्याचं डोकं मांडीवर घ्यावं. हे वाटणं जाणार नाही, मरेपर्यंत जाणार नाही.

"बीपीची गोळी घेतलीस?" त्याने विचारलं.

"घेतली."

"गुड." मग साधंच, कॉफीला साखर हवी का असं विचारावं तसं: "चारुता आहे का तिथे?"

बाहेर एक गाडी वळली. पडद्यावरून तिच्या काचेचा कवडसा सरकत गेला. चारुताने चमचा खाली ठेवला होता, आवाज न करता, आणि माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी गाडीत बघितलं होतं तशी.

या वेळी मी नजर वळवली नाही.

"नाही," मी म्हटलं. "ती काल रात्रीच गेली. कुठे ते मला सांगितलं नाही."